घरी जोडलेला संगणक वारंवार बंद पडतो तेव्हा

सुटे भाग बदलण्याआधी वीज, उष्णता आणि मेमरी यांची क्रमवार तपासणी आवश्यक

परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख, अर्धा भरलेला अर्ज आणि अचानक गोठलेला पडदा. सुटे भाग आणून घरी जोडलेल्या, म्हणजेच 'असेंबल्ड' संगणकाच्या मालकांना हा प्रसंग नवा नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा नागपूरची सीताबर्डी येथून, आणि अलीकडे घरपोच मागवून, आपल्या गरजेप्रमाणे प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम व एसएमपीएस निवडून संगणक जोडण्याची पद्धत महाराष्ट्रात आता जुनी झाली आहे. त्यात पैसे वाचतात आणि पुढे एकेक भाग सुधारता येतो. मात्र ब्रँडेड संगणकात सर्व भाग एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी कंपनीची असते. घरी जोडलेल्या संगणकात ती जोडणाऱ्यावर येते.

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालील भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावी ही जबाबदारी अधिक जड होते. रेल्वे गाठायची तर नांदुऱ्याला जावे लागते. भाग बदलून घेण्यासाठी कुरिअर, मोठ्या शहरातील सेवाकेंद्र आणि काही आठवड्यांची वाट असा फेरा पडतो. अंदाजाने रॅम बदलली आणि दोष एसएमपीएसचा निघाला, तर पैसे, वेळ आणि प्रसंगी वर्षानुवर्षे साठवलेली माहितीही जाते. म्हणून अशा ठिकाणी दुरुस्तीपेक्षा तपासणीचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

अस्थिरतेची तीन रूपे

संगणक 'अस्थिर' आहे, या एका तक्रारीत तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिले रूप म्हणजे कोणतीही सूचना न देता संगणक बंद होणे किंवा आपोआप पुन्हा सुरू होणे. यामागे बहुधा वीजपुरवठा, एसएमपीएस किंवा अतिउष्णता असते. दुसरे रूप पडदा गोठण्याचे: माऊस हलत नाही, ध्वनी एकाच सुरावर अडकतो. येथे रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा डिस्क यांच्याकडे प्रथम पाहावे. तिसरे रूप त्रुटीचा संदेश देऊन थांबण्याचे, ज्याला सर्वसाधारणपणे 'ब्लू स्क्रीन' म्हणतात. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून या पडद्याचा रंग काळा झाला असला तरी त्याचा अर्थ तोच आहे: पुढे काम चालू ठेवले तर माहितीची हानी होईल, असे ठरवून प्रणालीने स्वतःहून घेतलेला थांबा.

हा संदेश आला की संगणकाचा कोणता तरी भाग जळाला, असा समज रूढ आहे. तो नेहमी खरा नसतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राऊडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक अशाच पडद्यावर अडकले. विमानतळ, रुग्णालये आणि बँकांतील त्या संगणकांचा एकही भाग बिघडलेला नव्हता.

आधी नोंद, मग पेचकस

कॅबिनेट उघडण्यापूर्वी वहीत नोंद करण्यास सुरुवात करावी. दिनांक, वेळ, त्या वेळी चालू असलेले काम, खोलीतील उकाडा, पंखा किंवा कूलर सुरू होता काय, दिव्यांचा प्रकाश कमीजास्त झाला काय आणि पडद्यावर आलेला संदेश, एवढ्या गोष्टी पुरेशा आहेत. संदेशाचे मोबाइलवर छायाचित्र घेतलेले बरे. आठ-दहा नोंदी झाल्या की बहुतेक वेळा एक सूत्र दिसू लागते. दुपारीच बंद पडणारा संगणक उष्णतेकडे बोट दाखवतो. शेजारच्या खोलीतील मोटार सुरू होताच बंद पडणारा विजेकडे. आणि केवळ खेळ किंवा चित्रफितीचे संपादन चालू असताना बंद पडणारा एसएमपीएस अथवा ग्राफिक्स कार्डाकडे.

संगणक स्वतःही नोंदी ठेवत असतो. विंडोजच्या शोधचौकटीत 'रिलायबिलिटी' हा शब्द टाइप केल्यास दिवसागणिक घडलेल्या बिघाडांचा आलेख समोर येतो. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये अधिक तपशील मिळतो. तेथे 'कर्नेल-पॉवर ४१' ही नोंद पाहून अनेकजण एसएमपीएस बदलून मोकळे होतात. प्रत्यक्षात ही नोंद एवढेच सांगते की संगणक मागील वेळी रीतसर बंद झाला नव्हता. वीज गेली, कोणी बटण दाबून धरले किंवा संगणक गोठला, तरी तीच नोंद उमटते. याउलट 'व्हिया लॉगर' या नावाने आलेली नोंद मोलाची असते. ती प्रोसेसर, मेमरी किंवा जोडणीच्या मार्गावर यंत्रसामग्रीनेच चूक ओळखल्याचे दर्शवते.

पावसापाण्याच्या भाकितासाठी अक्षय्य तृतीयेला तालुक्यातील भेंडवळ येथे घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घटाची पाहणी करून भाकीत वर्तवले जाते. संगणकाच्या बाबतीत मात्र भाकिताचे काम नाही. येथे नोंद आणि पडताळणी यांवरच विसंबावे लागते.

पहिली तपासणी विजेची

घरगुती पुरवठ्याचा मानक दाब २३० व्होल्ट आहे. कृषिपंपांचा भार वाढला की ग्रामीण वाहिन्यांवर तो बराच खाली येतो आणि भार अचानक कमी झाला की उसळतो. दर्जेदार एसएमपीएस मोठा चढउतार सहन करते. स्वस्त एसएमपीएसला ते जमत नाही. वीज क्षणभर खंडित झाल्यास एसएमपीएसमधील साठा पूर्ण भारावर साधारणपणे १६ ते १७ मिलिसेकंद पुरतो. ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, यावरून ही मुदत किती अल्प आहे हे ध्यानात येईल. तेवढ्या वेळात युपीएसने भार उचलला नाही तर संगणक बंद होणारच.

घरातील इन्व्हर्टरवर संगणक चालवणाऱ्यांनी इन्व्हर्टरच्या मागील बाजूस असणारे बटण पाहावे. अनेक इन्व्हर्टरांत 'नॉर्मल' आणि 'युपीएस' असे दोन पर्याय असतात. पंखे व दिव्यांसाठी पहिला पर्याय चालतो. मात्र त्यात वीज बदलण्यास लागणारा वेळ संगणकासाठी जास्त ठरतो. केवळ हे बटण 'युपीएस'वर सरकवल्याने 'वीज गेली की संगणक बंद' ही तक्रार मिटू शकते.

स्वतंत्र युपीएस असल्यास त्याची क्षमता तपासावी. बाजारात सर्वाधिक दिसणारा ६०० व्हीए क्षमतेचा युपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॉट एवढाच भार पेलतो. ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक कामाच्या भरात ही मर्यादा ओलांडतो आणि वीज जाताच युपीएसच भार टाकून देतो. त्यातील शिशाच्या बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते; तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, हा ढोबळ नियम आहे. तपासणीसाठी संगणक काढून युपीएसला १०० वॉटचा साधा दिवा जोडावा आणि मुख्य वीज बंद करावी. दिवा लगेच मंदावला किंवा विझला, तर बॅटरी बदलण्यास झाली आहे.

यानंतर अर्थिंग. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर चुणचुण जाणवत असेल तर अर्थिंग नाही किंवा निकामी आहे, असे समजावे. काळी माती उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते. खड्ड्यातील ओल गेली की मातीचा रोध वाढतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात जमिनीतील क्षारांमुळे वीज सहज वाहते खरी, पण तेच क्षार जमिनीतील लोखंडी सळई आणि पट्टी गंजवतात. वायरमनकडून न्यूट्रल व अर्थ यांमधील दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टपेक्षा बराच अधिक असेल, तर संगणकाआधी घराच्या वायरिंगची दुरुस्ती करणे योग्य.

एसएमपीएसच्या वाहिन्यांचा दाब मल्टिमीटरने पाहता येतो. १२ व्होल्टच्या वाहिनीवर ५ टक्क्यांची सूट मान्य आहे, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट. ५ व्होल्टची वाहिनी ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान असावी. ही मोजणी संगणकावर भार असताना करावी, कारण रिकाम्या स्थितीत कमकुवत एसएमपीएसही व्यवस्थित दिसते. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. वीज काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहतो.

उष्णतेचा हिशेब

बुलढाणा शहर घाटावर असल्याने तेथील उन्हाळा तुलनेने सौम्य असतो. घाटाखालील भाग मात्र पूर्णेच्या खोऱ्यात मोडतो आणि याच खोऱ्यातील अकोल्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवे नाही. संगणकाच्या दृष्टीने याचा हिशेब सोपा आहे. हवेने थंड होणारा कोणताही भाग खोलीच्या तापमानापेक्षा थंड राहू शकत नाही. पूर्ण भारावर प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंशांनी अधिक तापत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत तो ७५ अंशांवर राहील; ४२ अंशांच्या खोलीत तोच प्रोसेसर ९२ अंशांवर जाईल. आजच्या बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. डिसेंबरमध्ये जोडलेला आणि उत्तम चाललेला संगणक मे महिन्यात रडू लागतो, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

मर्यादेजवळ पोहोचलेला प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही तापमान उतरले नाही तर संगणक बंद करतो. मदरबोर्डवरील वीज नियंत्रित करणारे घटक, रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी यांनाही उष्णता बाधते. 'एचडब्ल्यू इन्फो'सारख्या विनामूल्य प्रणालीने ही तापमाने पाहता येतात. ती दुपारी दोन वाजता आणि पहाटे अशी दोनदा नोंदवावीत.

धूळ हे उष्णतेचे जोडकारण आहे. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये बसलेला थर हवा अडवतो. ब्लोअरने सफाई करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा ते अतिवेगाने फिरून पंखा खराब होतो. थर्मल पेस्ट वाळली असल्यास जुनी पूर्ण पुसून नवी लावावी. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. दमट हवेने धूळ चिकट होऊन जोडांवर बसते. कॅबिनेट भिंतीला खेटून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवण्याची सवयही सोडावी.

जुने मदरबोर्ड वापरणाऱ्यांनी कपॅसिटरांचे माथे पाहावेत. साधारण १९९९ ते २००७ या काळात तयार झालेल्या अनेक मदरबोर्डांत सदोष द्रवाचे कपॅसिटर वापरले गेले. ते फुगून फुटत आणि संगणक कारणाविना बंद पडे. माथा सपाट न राहता फुगीर दिसला किंवा तपकिरी डाग आढळला, तर दोष सापडला असे समजण्यास हरकत नाही.

मेमरीची परीक्षा

वीज आणि उष्णता यांतून दोष सापडला नाही तर पाळी रॅमची. संदेशात 'मेमरी मॅनेजमेंट' किंवा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया' असे शब्द वारंवार आणि प्रत्येक वेळी वेगळ्या प्रणालीच्या नावासह येत असतील, तर संशय बळावतो. मात्र तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये, कारण सदोष ड्रायव्हरही असेच संदेश देतो.

प्रथम वीज पूर्ण बंद करून रॅमच्या पट्ट्या काढाव्यात, सोनेरी कडा स्वच्छ कोरड्या कापडाने पुसाव्यात आणि 'खट्' आवाज येईपर्यंत नीट बसवाव्यात. चार खाचांच्या मदरबोर्डावर दोनच पट्ट्या असतील, तर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ते पाहून घ्यावे. त्यानंतर 'मेमटेस्ट ८६ प्लस' ही विनामूल्य चाचणी पेन ड्राइव्हवरून चालवावी. ती विंडोज सुरू होण्यापूर्वीच चालते, त्यामुळे विंडोजमधील दोषांचा तिच्यावर परिणाम होत नाही. किमान एक पूर्ण फेरी आणि शक्य तर रात्रभरात चार फेऱ्या होऊ द्याव्यात. या चाचणीत एकही चूक क्षम्य नाही.

चूक आढळली म्हणजे पट्टी वाया गेली, असेही नाही. रॅमच्या खोक्यावर छापलेला वेग हा अनेकदा मूळ वेग नसतो. '३२००' असे लिहिलेली डीडीआर ४ रॅम एरवी २१३३ किंवा २६६६ सारख्या मूळ वेगाने सुरू होते. बायोसमध्ये 'एक्सएमपी' हा पर्याय निवडल्यावरच ती पूर्ण वेगाने, पुष्कळदा १.२ ऐवजी १.३५ व्होल्टवर चालते. हा पर्याय बंद करून चाचणी पुन्हा घ्यावी. चुका थांबल्या, तर दोष वेगाच्या जुळणीत आहे. थांबल्या नाहीत, तर एकेक पट्टी वेगळी तपासावी. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, वेगवेगळ्या बनावटीच्या पट्ट्या एकत्र बसवणे ही अस्थिरतेची जुनी वाट आहे.

डीडीआर ५ रॅमच्या नव्या संगणकात पहिल्या वेळी पडदा काही मिनिटे काळा राहतो. मदरबोर्ड त्या वेळी रॅमशी जुळवणी करत असतो. बिघाड समजून मध्येच वीज बंद केल्यास ही प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

सदोष रॅमचा खरा धोका संगणक बंद पडण्यात नाही. चुकीचा आकडा गुपचूप फाइलमध्ये लिहिला जातो, छायाचित्रे उघडत नाहीत, हिशेबाची फाइल बिघडते, आणि हे महिनोन्महिने लक्षात येत नाही. म्हणून अस्थिरतेची शंका येताच महत्त्वाची माहिती बाहेरच्या डिस्कवर उतरवावी आणि जुनी प्रत पुसू नये.

डिस्क आणि प्रणाली

'क्रिस्टल डिस्क इन्फो'सारखी प्रणाली डिस्कची प्रकृती दाखवते. साटा डिस्कच्या बाबतीत 'सीआरसी एरर' हा आकडा वाढत असेल, तर डिस्क टाकण्याआधी केबल बदलून पाहावी. हा आकडा डिस्क व मदरबोर्ड यांमधील वहनातील चुका मोजतो आणि केबल अत्यल्प किमतीत मिळते. बिघाड एखादा ड्रायव्हर नव्याने घातल्यानंतर सुरू झाला असेल, तर आधीची आवृत्ती परत आणावी. दुरुस्तीच्या दुकानांतील 'फॉरमॅट मारून पाहू' हा सल्ला मात्र शेवटचा ठेवावा. त्याने प्रणालीतील दोष जातो, पण वीज, उष्णता किंवा रॅम यांचा दोष जसाच्या तसा राहतो. शिवाय बिघाडाच्या सर्व नोंदी पुसल्या जातात.

प्रोसेसर क्वचितच, पण कधीतरी

प्रोसेसरवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा, हा नियम योग्य आहे. तरी तो निर्दोषच असतो असे नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना जून १९९४ मध्ये अविभाज्य संख्यांच्या गणितात विसंगती आढळली. त्यांनी आपल्या प्रणालीतील चुका, मदरबोर्ड अशी एकेक शक्यता तपासून बाद केली आणि ऑक्टोबरमध्ये पेंटियम प्रोसेसरच चुकीचा भागाकार करतो, असे जाहीर केले. इंटेलला अखेर प्रोसेसर बदलून द्यावे लागले आणि ४७ कोटी ५० लाख डॉलरची तोशीस सोसावी लागली.

अलीकडचे उदाहरण घरी संगणक जोडणाऱ्यांच्या अधिक जवळचे आहे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ चालवताना संगणक बंद पडू लागले. काहींना 'व्हिडिओ मेमरी अपुरी' असा संदेश येई आणि ते ग्राफिक्स कार्डाला दोष देत. प्रोसेसर आवश्यकतेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले. त्यावर उपाय म्हणून ऑगस्ट व सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या नव्या आवृत्त्या आल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. या पिढ्यांचे प्रोसेसर असलेल्यांनी मदरबोर्डचा बायोस त्यानंतरच्या आवृत्तीवर आणला आहे की नाही, हे पाहावे. नवा बायोस पुढील हानी टाळतो, झालेली हानी भरून काढत नाही. बायोस बदलताना वीज जाणार नाही याची खात्री असावी. अन्यथा मदरबोर्डच निकामी होण्याची भीती असते.

एका वेळी एकच बदल

दोष तरीही न सापडल्यास संगणक किमान भागांवर आणावा: मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमची एक पट्टी, एक डिस्क आणि एसएमपीएस. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असल्यास ग्राफिक्स कार्डही काढावे. या स्थितीत दोन-तीन दिवस चालवून मग एकेक भाग परत जोडावा. एका वेळी दोन बदल केले आणि दोष गेला, तर तो कशामुळे गेला हे कळत नाही, आणि पुन्हा उद्भवला तर तपास शून्यापासून सुरू होतो. भाग विकत घेण्यापूर्वी मित्राच्या किंवा दुकानातील चालू संगणकावर संशयित भाग लावून पाहणे सर्वांत स्वस्त असते.

बिल, खोके आणि हक्क

प्रत्येक भागाचे बिल, अनुक्रमांकाचे छायाचित्र आणि शक्य तर खोके जपून ठेवावे. असेंबल्ड संगणकाला एकत्रित वॉरंटी नसते. प्रत्येक भागाची मुदत वेगळी असते. वॉरंटीचा दावा करताना वहीतील नोंदी, मेमटेस्टचे छायाचित्र आणि केलेल्या बदलांचा क्रम सोबत दिल्यास 'आमच्याकडे भाग व्यवस्थित चालतो' या उत्तराला प्रत्युत्तर देता येते.

वॉरंटीत असूनही दाद मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ उपयोगी पडतो. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या या कायद्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता मुंबईचा किंवा दिल्लीचा असला, तरी जळगाव जामोदच्या ग्राहकाला बुलढाणा येथे दाद मागता येते. त्या तक्रारीचा मुख्य आधार बिल आणि तारीखवार नोंद हाच असतो. म्हणून वहीचे पहिले पान पहिल्याच बिघाडाच्या दिवशी लिहिलेले असावे.